घराचा सौदा फिसकटला? आता निदान या चुका टाळा

टोकन घेऊन झालं, नातेवाइकांना पेढे गेले, सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला. आणि रजिस्ट्रेशन तोंडावर आलेलं असताना एजंटचा फोन येतो, "पार्टी मागे हटतेय हो." ज्यांनी हा फोन घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. छातीत धडधड, जेवण जात नाही, रात्री दोनला उठून मोबाईलवर ईएमआयची बेरीज. घर विकणं हा बहुतेकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आर्थिक व्यवहार असतो, तेव्हा एवढं हादरून जाणं साहजिकच आहे.

पण एक गोष्ट वारंवार दिसते. सौदा मोडल्याने जेवढं नुकसान होतं, त्याच्या दुप्पट नुकसान पुढच्या पंधरा दिवसांत लोक आपल्या हाताने करून घेतात, कधी घाबरून तर कधी चिडून. हा लेख त्या पंधरा दिवसांसाठी आहे आणि मुख्यतः विकणाऱ्यांसाठी.

घाबरून भाव पाडणे

बातमी फुटली की दोन दिवसांत दुसरा एजंट हजर. "रोख पार्टी आहे, पाच लाख सोडा, पुढच्या आठवड्यात मोकळे व्हा." अशा वेळी 'हो' म्हणायची जी घाई होते ती पैशांपेक्षा मनावरचं ओझं उतरवण्यासाठी असते, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. (तीच 'रोख पार्टी' नंतर बऱ्याचदा लोनच्या फाईलसह येते, हे वेगळं.)

आधी बघा, घाई खरी आहे की वाटतेय. खरी घाई बहुधा पुढच्या घराची असते. तिथला हप्ता या घराच्या पैशांवर अवलंबून असेल तर पहिला फोन तिकडे करा आणि मुदतवाढ लेखी मागा. बरेचजण लाजेखातर कळवतच नाहीत आणि मग ते बुकिंग वाचवायला पर्सनल लोन घेतात. दुसरी खरी घाई कराची. नवं घर आधी घेऊन ठेवलं असेल, तर भांडवली नफ्यावरची, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्याच्या करातली, सवलत मिळायला जुनं घर ते घेतल्यापासून एक वर्षाच्या आत विकलेलं असावं लागतं. आधी विकून मग घेणाऱ्यांना दोन वर्षं मिळतात. या दोन्हींपैकी काही नसेल, तर महिनाभर थांबल्याने आभाळ कोसळत नाही.

कारण न शोधता पुन्हा जाहिरात टाकणे

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते. "त्यांचं लोन झालं नाही" एवढं ऐकून लोक गप्प बसतात. लोन का झालं नाही? खरेदीदाराचा पगार किंवा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) आडवा आला असेल तर तुमचा काही संबंध नाही. पण अडचण तुमच्या घराची असेल, तर पुढचा खरेदीदारही तिथेच अडकणार आणि हा सगळा ताप तुम्हाला पुन्हा भोगावा लागणार.

उदाहरण घेऊ. डोंबिवलीतला जुन्या इमारतीतला वन बीएचके, ठरलेली किंमत ५२ लाख. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँका घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकतात, म्हणून खरेदीदाराने ४१ लाख ६० हजार धरले. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा माणूस, आला. त्याने इमारतीचं वय पाहिलं, बंद केलेली बाल्कनी मोजणीतून वगळली आणि मूल्य लावलं ४४ लाख. त्याचे ८० टक्के होतात ३५ लाख २० हजार. उरलेले ६ लाख ४० हजार आयत्या वेळी कुठून आणणार? त्यात मुद्रांक शुल्काची सोय त्याला वेगळी करायचीच होती. तो मागे हटला आणि इकडे मात्र "लोकांना शब्दाची किंमत राहिली नाही" म्हणून चर्चा. खरं तर त्या घराला पुढच्या वेळी जास्त रोकड असलेला खरेदीदार बघायला हवा, किंवा किंमत ठरवण्यापूर्वीच व्हॅल्युएशनचा अंदाज घ्यायला हवा.

दुसरं नेहमीचं कारण कागदपत्रांचं. आधीच्या मालकांच्या करारांची साखळी मध्येच तुटलेली असते, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसतं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव असतं. शेवटच्या बाबतीत तर फार गैरसमज आहे. "नॉमिनी मी आहे, म्हणजे घर माझं" असं धरून लोक टोकन घेतात. नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच. खरेदीदाराचा वकील बहिणीची सही मागतो, बहीण कॅनडात, आणि तिला सौद्याचा पत्ताच नसतो. हक्कसोडपत्र करून घ्यायला वेळ लागतो. सौदा मोडल्यानंतरचा मोकळा महिना यासाठी वापरा. हाताला काम मिळतं आणि डोक्यातलं चक्र जरा थांबतं.

म्हणून खरेदीदाराला किंवा त्याच्या एजंटला शांतपणे एकच विनंती करा: बँकेने किंवा वकिलाने नेमकं काय म्हटलं ते सांगा. भांडण झालं नसेल तर लोक सांगतात.

रागाच्या भरात टोकन गिळणे

"आमचा वेळ गेला, एक पैसा परत देणार नाही." हे वाक्य तोंडातून जायच्या आधी विसार पावती, म्हणजे टोकनची पावती, काढून वाचा. पैसे कोणत्या नात्याने घेतले यावर पुष्कळ अवलंबून असतं. विसार म्हणून, म्हणजे शब्द पाळण्याची हमी म्हणून घेतलेली रक्कम खरेदीदाराच्या चुकीने व्यवहार मोडला आणि करारात तशी अट असेल तर जप्त करता येते. किमतीचा भाग म्हणून आलेले पैसे तसे जप्त करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच मिळते. एक लाखाच्या टोकनची गोष्ट वेगळी आणि दहा लाखांच्या 'ॲडव्हान्स'ची वेगळी. जप्त केलेल्या रकमेवर 'इतर उत्पन्न' म्हणून कर लागतो, हेही विचारात घ्या. आणि वीस हजार किंवा त्याहून जास्त टोकन रोखीत घेतलं असेल, तर प्राप्तिकर कायद्यात तेवढ्याच रकमेच्या दंडाची तरतूद आहे. तावातावाने वकिलाची नोटीस पाठवण्याआधी हे आठवावं.

माझं मत विचाराल तर, खरोखर झालेला खर्च कापून बाकी पैसे परत करावेत आणि त्या बदल्यात कागद पूर्ण करून घ्यावेत. मोकळे कागद हीच यातली खरी कमाई. साठेखत (घर विकण्याचा आधीचा करार) नोंदवलेलं असेल तर नुसतं व्हॉट्सॲपवर 'डील कॅन्सल' लिहून भागत नाही. दुय्यम निबंधकांकडे जाऊन दोघांच्या सह्यांनी रद्दलेख नोंदवावा लागतो. तो नसला की पुढच्या खरेदीदाराच्या बँकेचा वकील शोध घेताना जुनं साठेखत बाहेर येतं आणि दुसराही सौदा अडतो. ठरल्याप्रमाणे करार पूर्ण करून मिळावा म्हणून पहिल्या खरेदीदाराला कोर्टात दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, ही टांगती तलवार कशाला ठेवायची? नोंदणी झालीच नसेल, तर दोघांच्या सहीचं साधं रद्दपत्र, विसार पावती परत आणि पैसे बँकेतूनच परत, एवढं पुरे.

किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने टोकन देताना एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) तुमच्या पॅनवर भरलेला असू शकतो. विवरणपत्र भरायच्या वेळी सीएला आठवणीने सांगा. त्याने मुद्रांक शुल्क भरलं असेल आणि दस्त झालाच नसेल, तर परताव्यासाठी सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. म्हणजे कागद लवकर मोकळे करण्यात त्याचंही हित आहे. रद्दपत्राची बोलणी इथून सुरू केली की माणसं लवकर नरमतात.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या माणसाचं नाव, फोटो, नंबर टाकणं मात्र नकोच. त्याने पैसे परत येत नाहीत आणि घराचं नाव खराब होतं.

घरातच आरोपी शोधणे

"तुम्हीच म्हणालात, पितृपक्ष संपेपर्यंत थांबू." "आणि तो एजंट कोणाच्या ओळखीतला?" अशी वाक्यं सुरू झाली की मूळ प्रश्न बाजूला राहतो. नवरा-बायकोने दिवसातला अर्धा तास या विषयाला द्यावा, वही घेऊन बसावं आणि उठल्यावर विषय बंद. वडीलधारी मंडळी "वास्तूला नजर लागली" म्हणतील. नारळ फोडून त्यांचं समाधान होत असेल तर फोडावा, वाद घालू नये. नातेवाइकांना सांगायला एक वाक्य ठरवून घ्या, "तो व्यवहार झाला नाही, दुसरा बघतोय," आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगा. प्रत्येक फोनवर पहिल्यापासून कहाणी सांगितली की जखम रोज नव्याने उघडते.

खोकी आधी उघडा. आमच्या शेजारच्या काकूंनी सौदा मोडल्यावरही सामान तसंच बांधून ठेवलं होतं. पितळी डबे वर्तमानपत्रात, मिक्सर खोक्यात, दोन पातेल्यांवर स्वयंपाक. सुनेने न विचारता एका दुपारी स्वयंपाकघर लावून टाकलं, तेव्हा कुठे त्या नीट जेवायला बसल्या. लावलेलं घर बघायला येणाऱ्यांनाही बरं वाटतं.

दोन-तीन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कामात लक्ष नसेल, किंवा "आता काही अर्थ नाही" असे विचार येत असतील, तर फॅमिली डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ वर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला तर थांबू नका, त्याच क्षणी फोन करा.

पुढचं टोकन तसंच घेणे

यावेळी विसार पावतीवर चार ओळी जास्त लिहा. कर्ज मंजुरीचं पत्र कोणत्या तारखेपर्यंत यायला हवं, व्हॅल्युएशन कमी आलं तर फरक कोण भरणार, कोणाच्या कारणाने मोडलं तर किती रक्कम परत आणि किती दिवसांत, एजंटची दलाली नेमकी कधी द्यायची. खरेदीदार या ओळींवर सही करायला का-कू करत असेल, तर तो कितीही गोड बोलला तरी घराची जाहिरात बंद करू नका.