एमजीबी घेताय? आधी कार्पेट उचला

जुनी एमजीबी (एमजीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकणारा प्रत्येकजण ‘सगळं ओरिजिनल आहे’ म्हणतो. टोकन देण्याआधी अर्धा तास काढून एवढं पडताळा.

१. चॅसी नंबर वाचा. ‘जीएचएन३’ म्हणजे उघडी टू-सीटर, ‘जीएचडी३’ म्हणजे जीटी, बंद छताची. त्यापुढे ‘एल’ असेल, तर गाडी डाव्या स्टिअरिंगची बनली होती. आज स्टिअरिंग उजवीकडे दिसतंय? मग ते कुणी बदललं, विचाराच.

२. इंजिनवरची पट्टी बघा. १९६३ च्या गाडीत ‘१८जीबी’ हा इंजिनाच्या प्रकाराचा कोड असेल तर इंजिन नंतर बसवलेलं आहे. ते १९६४ च्या अखेरीस आलं.

३. मालकाकडे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट मागा, नसेल तर काढायला लावा. एमजीबी जिथे बनायच्या, त्या अ‍ॅबिंग्डन कारखान्याच्या नोंदींवरून त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर मिळतो.

४. आता टॉर्च घ्या. कार्पेटची कड उचला, डॅशबोर्डमागे बघा. सर्टिफिकेटवर ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ आणि कोपऱ्यात जुना लाल थर निघाला, तर बॉडी दुसऱ्याच गाडीची असू शकते. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर आहे.

सांभाळा: चॅसी प्लेट नुसती बसवलेली असते आणि कोऱ्या प्लेटा बाजारात मिळतात. एकट्या प्लेटवर व्यवहार करू नका.