जैसलमेरच्या वाळवंटात प्राणी-पक्षी पाहायला निघताना

सगळ्यात आधी मुक्काम ठरवा, कारण निम्मी सहल तिथेच बनते किंवा बिघडते. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर हंगामात रात्री उशिरापर्यंत स्पीकर वाजतात, जीपगाड्या धावतात. तिथे उंटाशिवाय फारसं काही दिसत नाही. खुरी गावाच्या बाजूला एखादं घरगुती ठिकाण शोधा आणि गाणी लावतात का, हे फोनवरच विचारून घ्या. उघड्या टेकड्यांपेक्षा त्यांच्यामधल्या सेवण गवताच्या सपाटीत जीव जास्त, तेव्हा मोठा वेळ तिकडे राखून ठेवा.

राष्ट्रीय मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातल्या सुदासरी भागाकडे जायचं तर जैसलमेरला वनविभागात परवानगीची चौकशी आधीच करा. मूळ ओळखपत्र, त्याच्या झेरॉक्स आणि सुटे पैसे जवळ असू द्या. सीमा जवळ आहे, ड्रोन घरीच ठेवा.

माळढोकासाठी ८x४२ची दुर्बीण हवीच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्यांनी हा पक्षी पाहिलाय, त्यांना तो तिथून कसा नाहीसा होत गेला हे ठाऊक आहे. आता जगात उरलेले बहुतेक माळढोक याच वाळवंटी पट्ट्यात आहेत. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी वजनदार, त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणून गाडी ठरवतानाच चालकाला बजावून सांगा: रस्ता सोडायचा नाही, पक्ष्याचा पाठलाग करायचा नाही. लांबून दिसला तेवढा पुरे. खरकट्यासाठी पिशवी न्या. उष्ट्यावर जगणारी भटकी कुत्री चिंकाऱ्यांना आणि अंड्यांनाही सोडत नाहीत.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सुती. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन लागतं आणि पहाटे उघड्या जीपमध्ये बोटं आखडतात, त्यामुळे स्वेटर, कानटोपी, हातमोजे हवेतच. घोटा झाकणारे बूट घ्या. इथे फुरसं हा विषारी साप आहे, विंचूही आहेत. सकाळी बूट झटकूनच पाय घाला आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. कॅमेऱ्याला झिपची पिशवी हवी. वाऱ्यात लेन्स बदलू नका. पाणी, गॉगल, व्हॅसलीन हे आलंच.

एक लहान मोजपट्टीही घ्या. सूर्य उगवताना, वारा सुटायच्या आत टेकडीवर पोचलात तर रात्रीचा सगळा हिशेब वाळूवर उमटलेला असतो: काळ्या भुंगेऱ्याच्या पायांची बारीक दुहेरी टाक्यांची शिवण, फुरशाचे तिरके, सुटेसुटे पट्टे, खोकडाची, म्हणजे लहान कोल्ह्याची, एका रेषेत गेलेली पावलं. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढला की पुढे ओळख पटवणं सोपं जातं. मला तर प्रत्यक्ष प्राण्याइतकाच आनंद या ठशांत मिळतो. खोकड दिसलंच, तर शेपटीचं टोक बघा: पांढरं असेल तर ते वाळवंटी खोकड.

सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, पाहायचा असेल तर थंडीत जाऊ नका, तेव्हा तो बिळात निजलेला असतो. फेब्रुवारीअखेर ते मार्च बरा. त्याच्या नावाचं तेल कुणी विकत असेल तर अजिबात घेऊ नका, त्यासाठी त्याची बेकायदा शिकार होते. कांडेकरकोचे, म्हणजे स्थलांतर करून येणारे क्रौंच पक्षी, मात्र थंडीतच भेटतात. त्यांच्यासाठी जोधपूर-जैसलमेर मार्गावर फलोदीला एक रात्र उतरा आणि सकाळी लवकर शेजारच्या खीचनला जा. तिथे गावकरी या पाहुण्यांना वर्षानुवर्षं दाणे घालत आलेत. एखाद्या घराच्या गच्चीवरून ते छान दिसतात, पण घरच्यांना विचारूनच वर चढा.