लिनक्सचा डेस्कटॉप अपग्रेड करताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. सोलापुरातल्या बऱ्याच जुन्या मशीनवर आता लिनक्सचं एखादं तयार रूप (डिस्ट्रो) म्हणजे मिंट, कुबंटू किंवा डेबियन दिसतं. नवी पेठेतल्या दुकानाच्या गल्ल्यावर दिसतं, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवरही दिसतं. बसवणं आता सोपं आहे. गाडं अडतं ते नंतर, नव्या रूपाचा डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पॅनेल दाखवणारा भाग) हवासा वाटला की. मग 'अनमेट डिपेंडन्सीज' किंवा 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असा मजकूर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका गठ्ठ्याचं (पॅकेजचं) दुसऱ्याशी जुळत नाही अशी तक्रार, समोर येतो आणि माणूस घाबरून दिसेल तो आदेश चालवत सुटतो.

पॅकेजांचं भांडण अपग्रेडच्या दिवशी जन्मत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याच्या कितीतरी आधी कुठल्या तरी एका ॲपसाठी घाईने एखादा पीपीए (उबंटूबाहेरच्या कुणी ठेवलेला पॅकेजांचा साठा) जोडलेला असतो, भांडण तिथेच सुरू झालेलं असतं. म्हणून अपग्रेडचं खरं काम अपग्रेडच्या आधीचं आहे. (आदेश इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.)

चूक पहिली: दुसऱ्या डिस्ट्रोचा डेस्कटॉप आपल्या सिस्टिमवर ओढून आणणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप आला २८ फेब्रुवारी २०२४ ला. कुबंटू २४.०४ (उबंटूचंच प्लाझ्मावालं रूप) त्यानंतर दोनच महिन्यांनी आलं, पण त्यात प्लाझ्मा ५.२७ च राहिला. लोकांना वाटतं, केडीईच्याच निऑन या डिस्ट्रोची रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) जोडली की झालं काम. तसं होत नाही. प्लाझ्मा ६ ला क्यूटी (खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी) ६.६ लागतं आणि उबंटू २४.०४ मध्ये क्यूटी ६.४ आहे. म्हणजे नुसता डेस्कटॉप नाही, त्याच्या खालचा पायाच बदलावा लागतो, आणि त्याच पायावर सिस्टिममधले इतर किती तरी प्रोग्राम उभे असतात. मागावर अर्धी चादर विणून झाल्यावर ताण्याचं सूत बदलायला घेण्यासारखं आहे हे.

सरळ रस्ता असा: ज्या आवृत्तीत तो डेस्कटॉप मुळातच आहे, त्या आवृत्तीवर अख्खी सिस्टिम न्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये प्लाझ्मा ६.३ आणि एक्सएफसीई ४.२० हे दोन्ही डेस्कटॉप आहेत. कुबंटूमध्ये प्लाझ्मा ६ हा २४.१० पासून मिळतो. स्टेबल (पक्क्या) डेबियनच्या सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत, टेस्टिंगची (अजून चाचणीत असलेल्या आवृत्तीची) ओळ घालून 'फक्त एवढंच पॅकेज घेतो' म्हणणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे, घेऊ नका. एक पॅकेज आपल्यामागे लायब्रऱ्यांची रांग घेऊन येतं.

आधीच पीपीए जोडलेले असतील तर? उबंटू मोठ्या अपग्रेडच्या वेळी बाहेरचे सोर्सेस स्वतःहून बंद करतं. पण त्यांतून आधी आलेली पॅकेजं तशीच बसून राहतात, आणि त्यांचा आवृत्ती क्रमांक अधिकृत पॅकेजापेक्षा मोठा असला की ती जागा सोडत नाहीत. अशा वेळी 'पीपीए-पर्ज' वापरा. ते पीपीए काढतं आणि पॅकेज अधिकृत आवृत्तीवर परत आणतं. मिंटमध्ये हेच काम सॉफ्टवेअर सोर्सेसच्या मेंटेनन्स भागात 'डाउनग्रेड फॉरिन पॅकेजेस' या बटणाने होतं. एखादं पॅकेज कुठून आलंय याची शंका असेल तर 'ॲप्ट पॉलिसी' (ॲप्ट म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन) आणि पुढे पॅकेजचं नाव द्या, उत्तर लगेच मिळतं.

चूक दुसरी: यादी न वाचता 'वाय' (हो) दाबणं

'ॲप्ट अपग्रेड' बसवलेलं काहीही काढत नाही. 'ॲप्ट फुल-अपग्रेड' गरज पडली तर काढतं. डेस्कटॉप बदलताना बहुतेक वेळा दुसरा आदेशच लागतो, त्यामुळे 'विल बी रिमूव्हड' या शीर्षकाखालची नावं एकेक करून वाचायलाच हवीत. आधी 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' चालवा. ही फक्त रंगीत तालीम असते, सिस्टिमला हात लागत नाही.

२०२१ च्या अखेरीस एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना टर्मिनलवरची धोक्याची सूचना ओलांडून 'येस, डू ॲज आय से!' टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप निघून गेला. मूळ चूक पॅकेजातल्या डिपेंडन्सीची होती, पण काय काय काढलं जाणार याची यादी त्या स्क्रीनवर आधीच छापून आली होती.

यादीत 'कुबंटू-डेस्कटॉप' किंवा 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' असं नाव दिसलं तर थांबा. ही मेटापॅकेजं आहेत. त्यांच्यात स्वतःचा प्रोग्राम नसतो, ती फक्त बाकीची पॅकेजं एकत्र धरून ठेवतात, पण ती गेली की पुढच्या 'ऑटोरिमूव्ह'ला (बिनकामाची पॅकेजं काढणाऱ्या आदेशाला) बाकीचा डेस्कटॉप बिनकामाचा वाटू शकतो.

चूक तिसरी: 'केप्ट बॅक' दिसलं की बळजबरी

'केप्ट बॅक' म्हणजे पॅकेज मागे ठेवलं. दर वेळी तो बिघाड नसतो. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं. तुमच्या मशीनची पाळी आली नसेल तर पॅकेज मागे ठेवलं जातं, काही दिवसांनी आपोआप येतं. आधी 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' बघा, कुणी मुद्दाम अडकवून ठेवलं असेल तर तिथे दिसेल. 'ट्राइंग टू ओव्हरराइट' अशी एरर आली तर एकाच फाइलवर दोन पॅकेजं हक्क सांगताहेत असं समजा. त्यातलं बाहेरून आलेलं पॅकेज काढायचं. 'फोर्स-ओव्हरराइट' हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

चूक चौथी: वीज आणि नेट गृहीत धरणं

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की सोलापुरात वीज जाते, हे कुणाला सांगायला नको. पॅकेज उघडून बसत असताना मशीन बंद पडलं तर सिस्टिम अर्धवट राहते. यूपीएस नसेल तर निदान एवढं करा: 'ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' ने सगळं आधी उतरवून घ्या. लॅपटॉप असेल तर चांगलं नेट असलेल्या ठिकाणी उतरवा आणि घरी बसवा. बसवण्याचा वेळ त्यामुळे बराच कमी होतो. टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) त्याआधीच घ्या. मात्र त्यात होम फोल्डर मुळात धरलेलं नसतं, तेव्हा जीएसटीची बिलं आणि डिझाइनच्या फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर हव्यातच.

आणखी एक. जो डेस्कटॉप बदलताय त्याच्याच खिडकीतल्या टर्मिनलमधून अपग्रेड चालवू नका. मध्येच सेशन कोसळलं तर टर्मिनलही त्याच्याबरोबर जातं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) जा आणि तिथून चालवा.

तरीही अडकलंच तर

काळा स्क्रीन आला तरी तोच कन्सोल बहुधा चालू असतो. तिथे आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने. दुसरा आदेशही काय काढणार आहे ते विचारतो, तिथेही यादी वाचा. नेमकं काय बदललं ते /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग मध्ये तारीखवार मिळतं. पॅकेजं नीट असून लॉगिनचा पडदा येत नसेल, तर जीडीएम, एसडीडीएम आणि लाइटडीएम या लॉगिन मॅनेजरांपैकी कोण चालतंय ते पाहा. दोन डेस्कटॉप शेजारी ठेवणाऱ्यांकडे इथेच घोळ होतो. 'सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर' आणि पुढे हव्या त्या मॅनेजरचं नाव दिलं की निवड विचारली जाते.

लॉगिन होतंय पण पॅनेल गायब आहे? नवा युझर बनवून त्यात शिरून बघा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष पॅकेजांचा नाही, तुमच्या जुन्या सेटिंगचा आहे. नोम या डेस्कटॉपमध्ये जुनी एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या सोयी) बंद करा. सप्टेंबर २०२३ च्या नोम ४५ पासून त्यांची रचनाच बदलली आहे, त्याआधीची तशीच्या तशी चालत नाहीत.

आपल्याकडे एकाच मशीनवर मराठी, कन्नड आणि तेलुगू कीबोर्ड लागतात, म्हणून हेही तपासाच. प्लाझ्मा ६ मूळ सेटिंगप्रमाणे वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर) चालतो आणि तिथे आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं साधन) आपोआप जोडला जाईलच असं नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली व्हर्च्युअल कीबोर्ड उघडून 'आयबस वेलँड' निवडा, लॉगआउट करून परत या, आणि 'ळ' उमटतोय का ते बघा.