फुफ्फुसाचा कॅन्सर आणि म्युटेशन टेस्ट : या चुका टाळा

कॅन्सरच्या पेशींच्या जीन्समध्ये कुठला बदल, म्हणजे म्युटेशन, आहे त्यावरून कुठली गोळी चालेल हे ठरतं, म्हणून ही टेस्ट. त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बायॉप्सीच्या तुकड्याचं, म्हणून आधी तेच सांगते. सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा बारीक असतो आणि त्याच्यातूनच कॅन्सर आहे का, कुठल्या टाइपचा आहे हे बघायचं असतं आणि उरलेल्यातून ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ (ही जीन्सची नावं), पीडी-एल१ (हे प्रोटीन) अशा टेस्ट करायच्या असतात. टाइप ठरवतानाच एकामागून एक स्टेन (रंग) लावत गेलं की ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, संपतो, मग पेशंटला परत सुई. त्यामुळे बायॉप्सीच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्युटेशनसाठी मटेरियल राखून ठेवा. हाडातून तुकडा घेणार असतील तर तेही बोला, कारण हाड मऊ करायला कडक ॲसिड वापरलं की डीएनए खराब होतो.

छातीत पाणी झालेल्या पेशंटचं तर मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, तेवढ्या तपासण्या होतात आणि बाकीचं पाणी सरळ फेकून देतात. त्याच पाण्यातल्या पेशी गोळा करून सेल ब्लॉक बनवला आणि त्यात पुरेशा कॅन्सरच्या पेशी असल्या तर म्युटेशन टेस्ट होते, वेगळी बायॉप्सी लागत नाही. पाणी काढायच्या आधी एवढं विचाराच.

ठाण्यातल्या नर्सिंग होममध्ये बायॉप्सी आणि पुढची ट्रीटमेंट परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला किंवा खारघरला त्यांच्याच ॲक्ट्रेक सेंटरमध्ये, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत होतं. मग नातेवाईक रिपोर्टची झेरॉक्स आणि दोन स्लाइड्स घेऊन पनवेल लोकल पकडतात आणि तिथे गेल्यावर कळतं की ब्लॉक पाहिजे. पॅराफिन ब्लॉकच मागा, त्याच्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवून बघा, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेणच आहे ते.

रिपोर्ट नीट वाचा. ‘नॉट डिटेक्टेड’ वेगळं आणि ‘मटेरियल अपुरं’ वेगळं, दुसऱ्याचा अर्थ टेस्ट झालीच नाही. फक्त ईजीएफआर बघितलं असेल तर म्युटेशन नाही असं म्हणता येत नाही, कारण एएलके, आरईटी, एमईटी, बीआरएएफ, केआरएएस हे सगळं बाकी असतं, म्हणून जमत असेल तर एनजीएस पॅनल (एकाच वेळी अनेक जीन्स बघणारी टेस्ट) एकदाच केलेलं बरं. रक्तावरची लिक्विड बायॉप्सी चांगली सोय आहे पण ती निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, गाठीतून रक्तात डीएनए कमी येत असेल तर म्युटेशन असूनही सापडत नाही. आणि बाबा सिगरेट ओढायचे मग टेस्ट कशाला, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. न ओढणाऱ्यांत ईजीएफआर, एएलकेसारखी म्युटेशन जास्त सापडतात हे खरं, पण ओढणाऱ्यांतही सापडतात, ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक टाइप) असेल तर टेस्ट हवीच.

रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तेवढ्यात घरच्यांचा धीर सुटतो, ते समजू शकते. पण अंदाजाने गोळी सुरू करायला सांगू नका. २००९ च्या आयपास नावाच्या स्टडीत ईजीएफआर म्युटेशन नसलेल्या पेशंटमध्ये जेफिटिनिब ही ईजीएफआरवरची गोळी केमोपेक्षा कमी पडली होती. इम्युनोथेरपीचीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) घाई नको, ती आधी दिली आणि मागून ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी दिली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. पेशंट खूपच धापा टाकत असेल तर रिपोर्ट येईपर्यंत नुसती केमो देता येईल का, हे ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

गोळी चालू असताना आजार परत वाढला तर जुन्या रिपोर्टवर पुढचं ठरवू नका, पुन्हा टेस्ट करा. जेफिटिनिब किंवा तशीच एर्लोटिनिब गोळी घेताना आजार वाढलेल्या साधारण निम्म्या पेशंटमध्ये टी७९०एम नावाचं नवीन म्युटेशन तयार झालेलं असतं आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालतं. याची सुरुवात रक्तावर केली तरी चालते, निगेटिव्ह आलं तर मात्र तुकडा घ्यावाच लागतो, कारण काही वेळा कॅन्सर स्मॉल सेल नावाच्या वेगळ्या टाइपमध्ये बदललेला असतो आणि ते मायक्रोस्कोपखाली तुकडा बघूनच कळतं.