शूटिंग रेंजचा लायबिलिटी विमा काढायचाय? मग आधी ही तयारी करा

रेंजसाठी लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्या जागेत कुणाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी उचलणारा विमा, मागायला गेलं की बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर "हे आमच्याकडे होत नाही" असंच येतं. आपली रेंज कुणी येऊन बघितलेली नसते, अर्जात बंदूक शब्द दिसला की फाईल बाजूला. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ब्रॉन्झ जिंकल्यावर पोराला शूटिंगला घाला म्हणणारे पालक सगळीकडे दिसतात, पण ती पोरं जिथे शिकतात तिथे काही झालं तर भरपाई कोण देणार हे कुणी विचारत नाही, आणि मला हे खरंच काळजीचं वाटतं. म्हणून रिन्यूअल किंवा उद्घाटनाच्या निदान दोन-तीन महिने आधीच कामाला लागा.

सगळ्यात आधी नेमकं काय मागायचं ते ठरवा. आपल्याला हवी असते पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, नॉन-इंडस्ट्रियल प्रकारची. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, त्याचा आपल्याशी संबंध नाही, पण नाव सारखं असल्याने एजंटसुद्धा गोंधळतात आणि भलताच फॉर्म पुढे येतो. शक्यतो ब्रोकर गाठा, कारण एजंट कंपनीचा माणूस असतो आणि ब्रोकर आपल्या बाजूने चार कंपन्यांकडे कोटेशन मागू शकतो.

मग कागद. संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं अर्जात लिहा, बोर्डावरचं सुटसुटीत नाव चालणार नाही. जागा शाळेची किंवा मंगल कार्यालयाची भाड्याने घेतली असेल तर भाडेकरार जोडा आणि जागामालकाचं नाव पॉलिसीत घालता येईल का ते विचारा. फक्त १० मीटर एअर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफल-पिस्तुलांची रेंज असेल तर ते पहिल्याच ओळीत ठळक लिहा, ४.५ मिमी पेलेट, २० ज्यूलच्या आत, लायसन्स न लागणारी हत्यारं. पॉइंट टू टू (.२२ बोअरची, काडतुसावर चालणारी) हत्यारं असतील तर लायसन्स, शस्त्रं-काडतुसं ठेवायची खोली, चावी कुणाकडे असते, सगळं लिहून द्या, काही लपवू नका, लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळीच बाहेर येते.

फोटोंवर मेहनत घ्या, अंडररायटर, म्हणजे कंपनीत जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ठरवणारा माणूस, रेंज बघतो ती फोटोतच. टार्गेटमागचा पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) आणि त्यामागची भिंत जवळून दाखवा, फायरिंग लाईनची पट्टी, प्रेक्षक कुठे थांबतात, आणि एक फोटो टेबलावर ठेवलेल्या रायफलचा, ब्रीचमधून (छर्रा भरायच्या मागच्या तोंडातून) बॅरलमध्ये घातलेली भडक रंगाची सेफ्टी फ्लॅगची दोरी दोन्हीकडून बाहेर दिसतेय असा. सोबत रेंज ऑफिसरचं नाव, त्याचं ट्रेनिंग, रोजच्या रजिस्टरची दोन-चार पानं, म्हणजे कोण, कुठल्या लेनवर, कुठलं हत्यार, किती वाजता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथेच माणसं फसतात. कोटेशन आलं की प्रीमियमच्या आधी एक्स्क्लूजन्स, म्हणजे पॉलिसीतून वगळलेल्या गोष्टी, वाचा. रेंजवर इजा होण्याची शक्यता जास्त कुणाला? शेजारच्या लेनवरच्या मेंबरला. आणि नेमकं मेंबरला किंवा खेळात भाग घेणाऱ्याला झालेली इजा वगळलेली असेल तर ती पॉलिसी रस्त्यावरून जाणाऱ्यापुरतीच उरली. मेंबर, स्पर्धेला बाहेरून आलेला खेळाडू, मानधनावरचा कोच, हे थर्ड पार्टीत (भरपाई मिळू शकणाऱ्या बाहेरच्या लोकांत) धरले आहेत का हे ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर "हो हो सगळं कव्हर आहे" ला अर्थ नाही. पगारी कोच आणि शिपाई यांच्यासाठी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची पॉलिसी वेगळी लागते. शिशाच्या धुळीने होणारं नुकसान बऱ्याचदा प्रदूषणाच्या नावाखाली वगळतात, तेही बघा.

पालकांच्या सहीच्या हमीपत्रावर विसंबून राहू नका. घ्या जरूर, पण १८ वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही, आणि पालकाने सही केली म्हणून मुलाचा भरपाईचा हक्क संपला असंही धरता येत नाही.

रक्कम ठरवताना दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा, दोन्ही विचारा, शिवाय आपल्या खिशातून जाणारी एक्सेसची रक्कम. आपल्याकडे या पॉलिसी सहसा क्लेम्स-मेड असतात, म्हणजे घटना कधी घडली यासोबत दावा कधी आला हेही मोजलं जातं, त्यामुळे मध्ये खंड पडला की जुनी रेट्रोॲक्टिव्ह डेट (जिच्यापासूनच्या घटना धरल्या जातात ती तारीख) जाते आणि मागच्या वर्षीच्या घटनेचा दावा आज आला तर हात रिकामे. रिन्यूअलची तारीख सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांच्या फोनमध्ये टाका.

आणि प्रीमियम पोचल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, कायद्यातच आहे ते. तेव्हा स्पर्धा रविवारी असेल तर पैसे आधीच भरून पावती आणि कव्हर सुरू झाल्याची तारीख-वेळ तपासा, मगच एन्ट्री फॉर्म वाटा.