प्रशिक्षित रुग्ण आणि खेळातून अध्यापन : या चुका टाळा

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित (म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेला) अभ्यासक्रम लागू झाला आणि संवादकौशल्य हा शिकवण्याचा विषय ठरला. तेव्हापासून रुग्णाची भूमिका करणारी माणसे आणि गुणांचे खेळ यांचा उत्साह सगळीकडे वाढला आहे. ज्या नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, तेथील महाविद्यालयेही त्याला अपवाद नाहीत. उत्साहाला माझी हरकत नाही. मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहण्याचा आता कंटाळा आला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चांगला नट मिळाला की रुग्ण तयार झाला, असे मानणे. राज्य नाट्य स्पर्धेच्या या गावात हौशी नटांची वानवा नाही, त्यामुळे हा मोह अधिकच होतो. एका महाविद्यालयाच्या ऑस्की परीक्षेला (सर्व विद्यार्थी एकेका टेबलावरचे तेच काम करून दाखवतात अशी प्रात्यक्षिक परीक्षा) मी निरीक्षक म्हणून गेले होते. भूमिका होती दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची : सकाळपासून छातीत दुखते आहे, सोबत आलेले कोणी नाही. संहिता जेमतेम अर्धे पान होती आणि तीही नटाच्या हाती त्याच सकाळी पडली होती. पहिली विद्यार्थिनी नमस्कार करते न करते तोच त्या गृहस्थांनी दुखणे, घाम, बिडीचे व्यसन आणि वडिलांचा हृदयविकाराने झालेला मृत्यू, असे सगळे एका दमात सांगून टाकले. तिला विचारायला काही उरलेच नाही. दुपारी ते थकले आणि केवळ ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर आले. चहानंतर पुन्हा उभारी आली, तेव्हा एका मुलासमोर डाव्या हाताला कळ जाऊ लागली, जी तोवर कोणाच्याही वाट्याला आली नव्हती. गुणपत्रिकेत विद्यार्थ्याचे कौशल्य किती आणि रुग्णाचा त्या वेळचा मूड किती, हे सांगण्याची सोय उरली नाही. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी येथून ऑस्कीची पद्धत मांडली, ती प्रत्येक परीक्षार्थीसमोर एकच कसोटी यावी म्हणून. इथे नेमके तेच हरवले होते. त्याआधी १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिसमध्ये पहिला असा रुग्ण उभा केला, तोही नुसत्या अभिनयावर नव्हे, तर मज्जासंस्थेच्या आजाराची लक्षणे आणि तपासणीत आढळणाऱ्या खुणा शिकवून.

माझी सवय अशी की संहितेचे तीन रकाने करायचे : आपणहून सांगायचे, विचारले तरच सांगायचे आणि कितीही विचारले तरी ‘माहीत नाही’ म्हणायचे. पहिल्या रकान्यात एकाहून अधिक वाक्य मी येऊ देत नाही. तालमीत मी स्वतः उद्धट विद्यार्थी होऊन मध्येच बोलणे तोडते, कारण परीक्षेत तसे विद्यार्थी येतातच. एकच भूमिका दोघांकडे असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून उत्तरे जुळवून घेते. यासाठी वेळ नाही म्हणणाऱ्यांनी परीक्षा लेखीच घ्यावी.

इंग्रजी प्रसंग जसाच्या तसा भाषांतरित करू नका. ‘वेदना डाव्या बाहूकडे प्रसृत होते’ असे बोलणारा रुग्ण सिन्नरमध्ये नाही आणि सुरगाण्यात तर नाहीच.

दुसरी चूक खेळाची. नवे शिक्षक आधी अ‍ॅप निवडतात आणि उद्दिष्ट मागाहून शोधतात, त्यामुळे सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे वेग, त्यालाच गुण मिळतात. अशाच एका स्पर्धेत वयस्कर मधुमेही बाईंची भूमिका होती. त्यांना दम लागत होता, जीव घाबरत होता, पण छातीत दुखत नव्हते. गुणफलकावर सर्वांत पुढे असलेला मुलगा आला, नाव न सांगताच ‘छातीत दुखतं? हातात कळ? उलटी?’ असे विचारता झाला आणि तीन नकार मिळताच ‘पित्त’ म्हणून त्याने घंटा दाबली. बाईंनी मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल अजून तोंडही उघडले नव्हते. मधुमेहात हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो, हे त्या मुलाला पाठ असणारच. विचारण्याची उसंत मात्र खेळाने ठेवली नव्हती. उत्तर चुकल्याचे गुण कापले गेले आणि लगेच पुढची फेरी सुरू झाली, त्यामुळे चूक कुठे झाली हे कोणी बोललेच नाही.

मी पहिल्या मिनिटात रुग्णाचे बोलणे न तोडण्याचे गुण ठेवते, फलकावर व्यक्तीऐवजी गटाचे नाव लिहिते आणि संध्याकाळी तो पुसून टाकते. वेगाचा खेळ निषिद्ध नाही. पुतळ्यावर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) शिकवताना मिनिटाला १०० ते १२० दाब आणि प्रौढांसाठी ५ ते ६ सेंटिमीटर खोली हेच कौशल्य असते, म्हणून तिथे यंत्राने दिलेले गुण शोभतात. वाईट बातमी सांगण्याच्या प्रसंगाला घड्याळ लावणाऱ्यांना मात्र काय म्हणावे, ते कळत नाही.

प्रसंगानंतरची चर्चा प्रसंगापेक्षा लांब ठेवा. आधी विद्यार्थ्याला बोलू द्या, मग रुग्णाला, आणि शिक्षकाने शेवटी बोलावे. भूमिका करणाऱ्याला खरोखर तोच आजार असल्यास त्याच्याकडून ती भूमिका करवू नका. अवघड जागेच्या तपासण्या मॉडेलवरच शिकवा. दुःखाची किंवा नैराश्याची भूमिका केलेल्या माणसाला थेट बसस्टॉपवर पाठवू नका. त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, चहा द्या, थोडे इकडचे तिकडचे बोला आणि मानधन त्याच दिवशी हातात ठेवा.