फुटलेल्या बँडमधून निघालेला नवा बँड चार जणांत बसून कसा ऐकावा

नवा बँड आधी, जुना नंतर, आणि भांडणाची गोष्ट सगळ्यात शेवटी. प्रोग्रेसिव्ह रॉकमधला, म्हणजे लांब रचना आणि बदलत्या मात्रांच्या रॉकमधला, फुटीनंतर उभा राहिलेला कुठलाही बँड ऐकवायचा असेल तर माझा क्रम हाच असतो. बहुतेक लोक उलटं करतात. आधी सांगतात की अमका गायक सोडून गेला, मग जुनं गाजलेलं गाणं लावतात आणि मग म्हणतात, आता हे नवीन ऐका. ऐकणाऱ्याच्या कानात जुनं घर करून बसलेलं असतं. तो नवं ऐकतच नाही, काय कमी पडलं तेवढं मोजत बसतो.

उदगीरला माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, सप्ताह, गॅदरिंग, सभा, सगळीकडे आमचे बॉक्स जातात. लगीनसराई संपली की दुकानामागच्या खोलीत रात्री आमची बैठक बसते. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे शेजारचे काका, बारावीतला भाचा, माझी बायको, अधूनमधून नांदेडहून येणारा कॉलेजपासूनचा मित्र. इंग्रजी शब्द सगळ्यांना समजतातच असं नाही आणि त्यानं काही अडत नाही.

सुरुवात एकाच फुटीपासून करा. मी कर्नाटका या बँडपासून करतो. हा वेल्समधल्या स्वान्सीचा बँड, १९९७ सालचा. बिदरच्या गाड्या आमच्या स्टँडवर उभ्या असतात, बाजारात कानडी रोज कानावर पडते, त्यामुळे नाव वाचताच मी थांबलो होतो. पण सुरुवात करायला हा बँड चांगला असण्याचं कारण वेगळं आहे. २००३ साली त्यांचा 'डेलिकेट फ्लेम ऑफ डिझायर' हा अल्बम आला आणि २००४ मध्ये बँड फुटला. फुटला तो तीन वाटांनी गेला. गायिका रेचेल जोन्स 'द रीझनिंग' या बँडमध्ये गेली. कीबोर्डवाला जोनाथन एडवर्ड्स आणि ड्रमवाला गॅव्हिन ग्रिफिथ्स यांनी 'पॅनिक रूम' हा बँड उभा केला. कर्नाटकाच्या शेवटच्या काळात साथीला गाणारी अ‍ॅन-मरी हेल्डर तिथं मुख्य गायिका झाली. बेसवाल्या इयन जोन्सनं काही वर्षांनी कर्नाटका हेच नाव घेऊन नव्या माणसांचा बँड बांधला. म्हणजे आवाज एकीकडे, वाजवणारे हात दुसरीकडे आणि पाटी तिसरीकडे. ऐकणाऱ्याचा जीव नेमका कशात गुंतला होता, हे इथं जितकं स्वच्छ कळतं तितकं दुसरीकडे क्वचितच कळतं.

बैठकीआधी वंशावळ काढून ठेवा. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर काढतो. वर जुना बँड, खाली फाटे, प्रत्येक नावापुढे वाद्य. मात्र ही पत्रिका खिशात ठेवायची, शेवटपर्यंत कुणाला दाखवायची नाही.

आता खोली. हा माझा धंदा असल्यामुळे इथं जरा थांबतो. लग्नातले पंधरा इंची टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, घरात लावू नका. या संगीतात एका गाण्यात कुजबुज असते आणि दोन मिनिटांनी सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात. मोठे टॉप लहान खोलीत हळू आवाजात लावले तर कुजबुज गढूळ येते. आठ इंची दोन बॉक्स पुरे. भिंतीपासून हात-दीड हात पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. दोन बॉक्समध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसा. बॉक्स कोपऱ्यात सरकवू नका, बेस घुमतो आणि बेस गिटारची ओळ चिखलात जाते. इयन जोन्ससारख्या बेसवाल्याचं काम ऐकायला बसलात आणि तेच ऐकू आलं नाही, तर बैठक कशाला?

कूलर बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे कठीण आहे, म्हणून आमच्या बैठका पावसाळ्यात आणि थंडीत होतात. कूलरच्या पंख्याची घरघर खालचे सूर खाते आणि पाण्याची झरझर नेमकी झांजेच्या शेवटावर येऊन बसते. झांज वाजल्यावर तिचा आवाज विरत जातो ना, ती विरती शेपटी कूलर चालू असताना ऐकूच येत नाही. बंद करा आणि तेच गाणं पुन्हा लावा, ड्रमवाला नवीन आल्यासारखा वाटतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही अल्बमचा आवाज सारखा करा. दोन-तीन डेसिबलचा फरक असला तरी जे मोठं वाजतं तेच कानाला भारी वाटतं. जुनी रेकॉर्डिंगं बऱ्याचदा हळू असतात, नवी चढी असतात. ऐकणारा म्हणतो, नव्यात दम आहे, आणि तो दम नुसत्या व्हॉल्यूमचा असतो. मी मिक्सरच्या फेडरशेजारी, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाशेजारी, कागदी टेपची पट्टी चिकटवतो. आधी दोन्ही गाणी वाजवून मीटर बघतो, पेनानं दोन खुणा करतो आणि बैठकीत बरोबर त्या खुणेवरच फेडर ठेवतो. मिक्सर नसेल तर मोबाईलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅपही चालतं. फोन दोन्ही वेळा एकाच जागी ठेवायचा, एवढंच.

नाव न सांगता 'पॅनिक रूम'चा २००८ सालचा पहिला अल्बम 'व्हिजनरी पोझिशन' लावा. सगळा एका बैठकीत नको. तीन गाणी, त्यातलं एक लांबलचक. प्रत्येकाच्या हातात कागद द्या. 'आवडलं का?' असं विचारू नका. आपल्याकडे चहा देणाऱ्या घराला कुणी वाईट म्हणत नाही, सगळे 'छान आहे' म्हणतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. मी विचारतो, कुठं कान टवकारले? कुठं लक्ष उडालं? कुठलं वाद्य गाणं ओढून नेत होतं? घड्याळ समोर ठेवा, म्हणजे माणूस मिनिट लिहू शकतो. बोलण्याआधी लिहायचं, हा नियम मोडू देऊ नका. आणि वयानं मोठा माणूस शेवटी बोलेल. काका आधी बोलले की भाचा मान हलवतो आणि त्याचं स्वतःचं मत तिथंच संपतं.

काकांचा कागद मी नेहमी जपून ठेवतो. त्यांना बँडचं नाव-गाव ठाऊक नसतं, ते फक्त मात्रा मोजतात. जेनेसिस या बँडचा १९७६ सालचा 'अ ट्रिक ऑफ द टेल' लावला होता. त्यातलं पहिलंच गाणं सात मात्रांत, म्हणजे पखवाजाच्या तीव्रा तालाएवढ्या, सुरू होतं. काकांनी मांडीवर बोटं मोजली आणि म्हणाले, "तीव्र्याएवढ्या सातच हायत, पन सम कुटं पडलालीय तेच कळंना गेलंय. परत लाव." परत लावलं. चौथ्या आवर्तनाला त्यांचा हात बरोबर पडला आणि चेहरा उजळला. आता या अल्बमच्या आधीची गोष्ट बघा. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल जेनेसिस सोडून गेला. त्यांनी नवा गायक बराच शोधला आणि शेवटी ड्रमवाला फिल कॉलिन्सच पुढे येऊन गायला. हे काकांना आधी सांगितलं असतं तर सात मात्रा मोजायच्या सोडून ते गेलेल्या माणसाची चौकशी करत बसले असते.

साथीचा गायक पुढे येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जे होतं, ते फार बारकाईनं टिपण्यासारखं असतं. कॉलिन्सचा आवाज जेनेसिसच्या जुन्या रेकॉर्डांवर मागे होताच, १९७१ आणि १९७३ च्या अल्बममध्ये एकेक गाणं त्यानंच गायलेलं आहे. म्हणून 'नवा' गायक ऐकताना काही जण लिहितात, 'हा आवाज आधी ऐकलाय.' हेल्डरबाबतही हेच करून बघा. बैठक झाल्यावर वंशावळ उघडा, मग 'डेलिकेट फ्लेम ऑफ डिझायर' लावा, मग पुन्हा 'पॅनिक रूम'. माझ्या कानाला 'पॅनिक रूम' जास्त टोकदार वाटतो, कोपरे असलेला. कर्नाटका वाहता आहे, रेचेलचा आवाज त्यावर तरंगतो. माझ्या बायकोला रेचेलचाच आवाज हवा असतो, तर तिच्यासाठी 'द रीझनिंग'चा २००७ चा 'अवेकनिंग' काढायचा. तिथं आवाज तोच आहे, पण गिटारी जड आहेत, आणि तिनं लिहिलं, 'बाई तीच, घर दुसरं.' भाच्याला कीबोर्ड आवडतो, तो एडवर्ड्सच्या मागे गेला. कुणी कुणाच्या मागे जावं हे तुम्ही ठरवू नका.

नाव ज्याच्याकडे राहिलं त्याच्यावर लोक जास्त कडक होतात, हे माझं पक्कं निरीक्षण आहे. २०१० सालचा 'द गॅदरिंग लाइट' हा नव्या कर्नाटकाचा अल्बम, गायिका लिसा फ्युरी. नाव सांगून लावला की पहिलं वाक्य येतं, 'हे ते नाही.' नाव न सांगता लावला की तीच माणसं लांबलचक वाद्यांच्या भागात शांत बसतात. आमच्याकडे भजनी मंडळ फुटतं तेव्हाही हेच होतं, जुन्या नावाच्या मंडळानं एक अभंग वेगळ्या चालीत घेतला तर गाव बोलतं, नव्या मंडळानं घेतला तर कौतुक होतं.

पण याला उलटं उदाहरणही आहे आणि ते जरूर ऐकवा. यार्डबर्ड्स हा बँड १९६८ मध्ये फुटला. त्यातल्या कीथ रेल्फ आणि जिम मॅकार्टी यांनी १९६९ मध्ये रेनेसान्स हा बँड काढला. थोड्याच काळात मूळ माणसं एकेक करून निघून गेली, १९७१ मध्ये अ‍ॅनी हॅस्लम गायिका म्हणून आली आणि आज रेनेसान्स म्हटलं की बहुतेकांच्या कानात तिचाच आवाज येतो. १९७६ मध्ये रेल्फ विजेच्या धक्क्यानं गेला. मूळ माणसं १९७७ मध्ये पुन्हा एकत्र आली, तेव्हा त्यांना स्वतःच काढलेलं नाव वापरता आलं नाही. त्यांनी स्वतःच्या दुसऱ्या अल्बमचं नाव, इल्यूजन, बँडला दिलं. म्हणजे खरा बँड कोणता, हे ऐकणारे वर्षानुवर्षं ऐकून ठरवतात, स्थापना कुणी केली ते बघून नाही.

एशिया या बँडबद्दल थोडक्यात. १९८१ मध्ये येस या बँडमधले स्टीव्ह हाऊ आणि जेफ डाऊन्स, ईएलपी (एमर्सन, लेक अँड पामर) या बँडचा कार्ल पामर आणि किंग क्रिम्सन व यूके या बँडमधला जॉन वेटन एकत्र आले. १९८२ चा पहिला अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तरीही प्रोग्रेसिव्हवाले नाराज झाले, कारण एवढी नावं बघून त्यांना वीस मिनिटांच्या रचना हव्या होत्या आणि मिळाली चार-पाच मिनिटांची गाणी. माझं मत असं की गाणी सुबक आहेत, वेटन मनापासून गातो, आणि नाराजी खरी असली तरी ती पाटीवरच्या नावांवर आहे. हा अल्बम नावं लपवूनच लावा.

शेवटी दुखावलेला श्रोता. असा एकजण प्रत्येक बैठकीत असतो. आमच्यात तो नांदेडचा मित्र. त्याचं तारुण्य मॅरिलियन या बँडच्या गायकाबरोबर, फिशबरोबर गेलं. १९८८ मध्ये फिश बँड सोडून गेला, त्याच्या जागी स्टीव्ह होगार्थ आला, १९८९ मध्ये 'सीझन्स एंड' निघाला. मित्रानं कागदावर एकच ओळ लिहिली, 'माझा माणूस यात नाही.' अशा माणसाशी वाद घालू नका, त्याची ओळ तशीच ठेवा. तो ज्या आवाजाबरोबर मोठा झाला तो गेलाय, त्याला दुःख होणारच. मात्र काही दिवसांनी त्याला एक गोष्ट सांगा. 'सीझन्स एंड'मधलं बरंचसं संगीत फिश असतानाच आकाराला येऊ लागलं होतं, शब्द नंतर नव्यानं लिहिले गेले. म्हणजे फूट ऐकणाऱ्याला वाटते तिथंच पडलेली नसते. मग त्याला फक्त मॅरिलियनच्या स्टीव्ह रॉदरीची गिटार ऐकायला सांगा, गाणं बाजूला ठेवून. आणि फिशचा १९९० चा पहिला स्वतंत्र अल्बमही लगेच लावा, म्हणजे त्याचा माणूस त्याला भेटतो. माझ्या मित्रानं त्या रात्री गिटारची दोन ठिकाणं मिनिटांसकट लिहून दिली. होगार्थबद्दल तो अजूनही गप्प आहे आणि ते मला मान्य आहे.

सगळ्या कागदांवर तारीख घाला आणि एक-दोन महिन्यांनी तीच गाणी पुन्हा लावा. जुने कागद आधी दाखवायचे नाहीत. पहिल्या वेळी 'लक्ष उडालं' लिहिलेली जागाच दुसऱ्या वेळी पुष्कळदा 'कान टवकारले'मध्ये जाते, विशेषतः लांब रचनांत, कारण पुढे काय येणार हे आता कानाला माहीत असतं.

कर्नाटका पचला की पुढची बैठक येसवर घ्या. १९८९ साली अँडरसन, ब्रूफर्ड, वेकमन आणि हाऊ हे चौघं जुने येसवाले एकत्र आले, पण येस हे नाव दुसऱ्या गटाकडे होतं, म्हणून बँडला चौघांची आडनावंच द्यावी लागली. बेसवर टोनी लेव्हिन आहे. आधी तो अल्बम, मग येसचे दोन: १९८३ चा '९०१२५', मग १९७२ चा 'क्लोज टू द एज'. याच क्रमानं, मधे गप्पा नकोत, फक्त लिहायला वेळ द्या. तीन तास मोकळे ठेवा आणि इन्व्हर्टर आधीच चार्ज करून घ्या.